माझ्या नावाचे शेअर

आमच्या यांना पैशाचा लोभ नव्हता. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की कुणालाही तसंच वाटेल. लोभी माणूस परवडला हो, तो निदान पैसे घेऊन काहीतरी विकत आणतो. यांना पैसे नुसते लावायला आवडायचे. बडोद्यात कुणाला पतंगांचा नाद असतो, कुणाला गाण्याचा, कुणाला नवरात्रात गरबा खेळायचा. आमच्या जनार्दन पागनीसांना फॉर्म भरायचा नाद होता.

पोस्टातल्या ठेवीचा फॉर्म, बचतपत्राचा फॉर्म, कंपनीच्या मुदत ठेवीचा फॉर्म आणि सगळ्यांत लाडका म्हणजे नव्या शेअरचा फॉर्म. रविवारी सकाळी चहा झाला की जमिनीवर चादर पसरायची, तिच्यावर रेक्झिनची पिशवी उलटी करायची. टाचण्या, डिंकाची बाटली, भोकं पाडायचं यंत्र, चार पेनं. मग मांडी ठोकून बसायचे ते थेट जेवणाची पानं घेईपर्यंत. मध्ये घराला आग लागली असती तरी आधी फायली बाहेर काढल्या असत्या, मग मला.

आमचं लग्न बहात्तरचं. दोन वर्षांनी हे नंदेसरीला रंगाच्या कारखान्यात लागले, प्रयोगशाळेत. सकाळी सातला कंपनीची बस, संध्याकाळी सहाला घरी. नखं कधी पिवळी, कधी जांभळी, जसा माल चालू असेल तशी. पगार बेताचा. नागरवाड्यात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, भाडं पंच्याऐंशी रुपये. घरात आम्ही दोघं, सासूबाई, लग्नाची नणंद शैला आणि पुढे आमची कांचन. मी घरी ब्लाउज शिवायची. ते पैसे मी डब्यात ठेवायची आणि पहिल्याच महिन्यात हे म्हणाले, "डब्यात पैसे झोपतात, निरू." तेव्हापासून माझे पैसेही उठून कुठे कुठे चालायला लागले. मला त्यांचा पत्ता लागायचा तो वर्षअखेरीस, यांनी रजिस्टर वाचून दाखवलं की.

सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला परदेशी कंपन्यांना आपले शेअर इथल्या लोकांना विकावे लागले. साबणाची कंपनी, औषधांची कंपनी, असल्या मोठमोठ्या. शेअर थोडे आणि मागणारे हजारो, म्हणून चिठ्ठ्या निघायच्या. एकाच्या नावानं एकच अर्ज चाले. मग यांनी घरातली नावं मोजली. स्वतःचं, आईचं, शैलाचं आणि माझं. चार अर्ज. हे काही यांचं एकट्याचं डोकं नव्हे, आमच्या गल्लीत तेव्हा पाळण्यातल्या पोराच्या नावानंसुद्धा अर्ज जायचे.

आता सह्यांचं सांगते. ती चूक माझी होती, मी कबूल करते. एकदा अर्जाची शेवटची तारीख होती आणि हे सहीसाठी माझ्यामागे फॉर्म घेऊन फिरत होते. माझ्या मशीनवर कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचे सहा ब्लाउज, डोक्यावर काम, तोंडात टाचण्या. मी टाचण्या काढून म्हटलं, "तुम्हीच करा ना काय ती सही. मी काय तुमच्यावर फिर्याद लावणार आहे?" यांनी माझ्याकडे दोन क्षण बघितलं, आत गेले आणि केली. त्या दिवसापासून वीस वर्षं माझी सही यांनीच केली. आईंची तर आधीपासूनच करत होते. शैला म्हणायची, "दादा, माझ्या लग्नाच्या रजिस्टरवरपण तूच कर, म्हणजे झालं."

प्रत्येकीच्या सहीचं पेन वेगळं होतं. आईंसाठी शाईचं, कारण त्यांचं अक्षर थरथरतं. शैलाला जाड टोकाचं. माझ्यासाठी बारीक टोकाचं निळं, त्याला दुसरं कुणी हात लावायचा नाही. कसली सही करतात म्हणून मी कधी वाकून बघितलंसुद्धा नाही. मला वाटायचं, काहीतरी मनचं ठोकून देत असतील.

आणि गंमत बघा, चिठ्ठीत नाव निघायचं ते माझं. यांच्या नावानं वीस अर्ज केले की एक लागायचा, माझ्या नावानं तीन केले की एक. सासूबाई एरवी माझं कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण शेजारणीला सांगताना मी ऐकलंय, "सून पायगुणाची आहे, शेअर लागतात तिला." हळूहळू चांगले चांगले सगळे शेअर माझ्या एकटीच्या नावावर जमा झाले. हे म्हणायचे, "ते तुझ्या नावाचे आहेत. ते घराचे. त्यांना हात लावायचा नाही."

घर हा आमच्यातला जुना वाद. मला स्वतःचं घर हवं होतं, मग दोन खोल्यांचं का असेना. माझं माहेर अमळनेरचं, तिथेही आम्ही भाड्यानंच राहिलो, चार घरं बदलली. आईनं दर वेळी भांडी बांधलेली मी पाहिली होती. हे म्हणायचे, पंच्याऐंशी रुपयांत नागरवाड्यात कोण राहायला देतं, आताच कशाला, शेअर वाढताहेत, वाढू दे. एकीकडे सोसायट्यांचे भावही वाढत होते, ते यांना दिसत नव्हतं. मी म्हणायची, "हौसेला मोल नसतं म्हणतात, पण भाड्याला असतं."

पण माणूस आनंदी होता, हे मान्य करायला हवं. सात रुपये वीस पैशांचा लाभांश आला तरी सायकल काढून बँकेत जायचे आणि येताना पाच रुपयांचा लीलो चेवडो, तो बडोद्याचा ओलसर बटाट्याचा चिवडा, आणायचे. मी विचारलं, यात कमाई कसली झाली? तर म्हणाले, "अगं, कंपनीला आपली आठवण आहे." कंपन्यांचे वार्षिक अहवाल कांचनला मांडीवर घेऊन वाचायचे. तिला राजाराणीच्या गोष्टी कमी आणि घसारा न् राखीव निधी जास्त माहीत.

एकदा मला कंपनीच्या वार्षिक सभेला घेऊन गेले. बडोद्यातलीच कंपनी, मोठा मांडव, पंखे लावलेले. मी ठेवणीतली साडी नेसून गेले. दारात हजेरीचा कागद द्यावा लागतो, तो यांनी माझ्यादेखत माझी सही करून देऊन टाकला. दारावरच्या माणसानं आम्हां दोघांकडे बघितलं आणि हसून दोन नाश्त्याचे डबे हातात दिले. आत बसलेले निम्मे लोक डबा उघडून कचोरी मोजत होते. पण आमचे हे उभे राहिले आणि साहेबांना विचारलं की, गोदामातला माल गेल्या वर्षीपेक्षा दीडपट कसा वाढला? मोठ्या साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि सविस्तर उत्तर दिलं. त्या दिवशी मला यांचा अभिमान वाटला. घरी येताना मी तसं सांगितलंही. हे म्हणाले, "उत्तर बरोबर नव्हतं. पण दिलं, ते बरं केलं."

फसलेही. पंच्याण्णव साली एक सागवानाची कंपनी आली. सहा हजार भरा, डभोईच्या पुढे तुमच्या नावाची बारा झाडं लावू, वीस वर्षांनी लाखो घ्या. मी म्हटलं, ही तर पी हळद अन् हो गोरीची कंपनी दिसते. ऐकलं नाही. वर्षभरानं एका रविवारी एसटीनं आपली झाडं मोजायला गेले, वही-पेन घेऊन. संध्याकाळी धुळीनं भरून परत आले. मी विचारलं, "किती वाढलीत?" म्हणाले, "तिथे एरंड आहे." रजिस्टर काढलं, त्या रकान्यात तारीख घातली, 'गेले' असं लिहिलं आणि जेवायला बसले. आरडाओरडा नाही, कुणाला शिव्या नाहीत. मीच दोन दिवस त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

सासूबाई गेल्या, शैला सुरतेला सासरी गेली. कांचनच्या लग्नात यांचे स्वतःचे आणि आईंचे राहिलेले शेअर विकले. माझ्या नावाच्यांना तेव्हाही हात लावला नाही. मी तर म्हटलं होतं, काढा त्यातले थोडे, मुलीला दोन बांगड्या जास्त होतील. पण नाही. ते घराचे.

अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात कंपनीच्या बसमध्येच यांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, बोलणं जड झालं. दीड महिना दवाखाना. ठेवी मोडल्या, कारखान्यातून हिशेब मिळाला तो व्यायाम करून घेणाऱ्या माणसाच्या फीमध्ये आणि औषधांत जायला लागला. पाय हळूहळू उचलायला लागले, काठी घेऊन गॅलरीपर्यंत यायचे. हात मात्र तसाच राहिला. रविवारी मी चादर पसरून फायली समोर ठेवायची, तर मान फिरवायचे. शेवटी मी त्या कपाटात टाकल्या.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, दिवाळीनंतर घरमालक शेठ आले. भला माणूस, खोटं बोलणार नाही. मुलं अहमदाबादला, म्हणून सगळं घर विकायचं होतं. म्हणाले, आधी तुम्हाला विचारतो, तुमचा मजला चार लाख वीस हजारांत घ्या. नसेल जमत तर सगळ्या घराचं गिऱ्हाईक तयार आहे, मी तुम्हाला जागा सोडायचे एक लाख देईन. "पण बेन, तमारा पाडवा सुधी. पछी मारा हाथमां नथी." म्हणजे गुढीपाडव्यापर्यंतचीच मुदत. एक लाखात बडोद्यात आम्हाला कोण घर देणार होतं? शहराबाहेर कुठेतरी तिसऱ्या मजल्यावर एक खोली, आणि यांना जिना चढता येत नाही. इथल्या पंधरा पायऱ्या उतरायलाच अर्धा तास लागायचा.

पण मी घाबरले नाही. उलट शेठ गेल्यावर मी यांना म्हटलं, "आता तरी हात लावायचा ना?" यांनी डोळे मिटून मान डोलावली. रावपुऱ्यात सुभानराव म्हणून यांच्या ओळखीचे, शेअरची खरेदी-विक्री करून द्यायचे. ते घरी आले, सगळी सर्टिफिकेटं मांडली, दोन तास आकडेमोड केली आणि म्हणाले, "वहिनी, चार लाख पासष्ट हजारांचा माल आहे. साहेबांनी डोकं लढवलंय बरं का." यांच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं. मार्गशीर्षात पहिला गठ्ठा विकायला काढला. विकण्याच्या फॉर्मवर माझी सही लागते. मी केली. माझे शेअर, माझी सही, कुणाची पत्रास बाळगायची?

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो सगळा गठ्ठा परत आला. प्रत्येक फॉर्मला एक चिठ्ठी टाचलेली. सही जुळत नाही.

सुभानराव खुर्चीच्या टोकावर बसले होते. म्हणाले, "वहिनी, कंपनीकडे तुमच्या पहिल्या अर्जावरची सही आहे. आता केलीत ती निराळीच आहे." मी म्हटलं, पण मी तर मीच आहे ना? ते म्हणाले, तुम्ही तुम्ही आहात हे मला कळतं, मुंबईच्या कचेरीतल्या माणसाला कागदच कळतो. सही बदलली म्हणून स्टँपपेपरवर लिहून देता येतं, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, प्रत्येक कंपनीला वेगळं पाठवावं लागतं. तीन महिने तरी धरा. पाडव्याला सहा आठवडे होते. दुसरा रस्ता म्हणजे जुन्यासारखी सही करायची आणि बँकेकडून तिच्यावर शिक्का आणायचा.

ते गेल्यावर माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. आजारी माणसाला बोलू नये हे मला कळतं, पण मी बोलले. म्हटलं, वीस वर्षं मनाला येईल ती सही ठोकत बसलात, एकदा तरी मला दाखवायची होती. आता तुमचा हात चालत नाही आणि माझा हात कुणी मानत नाही. हौस तुमची आणि रस्त्यावर मी येणार. हे भिंतीकडे तोंड करून पडून होते. मग एक एक शब्द काढत म्हणाले, "बँकेत... जा."

दुसऱ्या दिवशी गेले. या बँकेत आमचं दोघांचं खातं लग्नापासूनचं, पण त्याचा व्यवहार सगळा यांच्याकडे. मी तिथे किती वर्षांनी पाय ठेवला ते मलाही आठवेना. मॅनेजर एक गुजराती बाई होत्या, चाळिशीच्या, शांत. त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं, एक सर्टिफिकेट आणि परत आलेल्या गठ्ठ्यात कंपनीनं घातलेली जुन्या सहीची नक्कल, जी मी रागाच्या भरात बघितलीही नव्हती, ती बघितली आणि शिपायाला आमचं जुनं कार्ड शोधायला पाठवलं. तो पाऊण तासानं आला. कार्ड पिवळं पडलेलं, कोपरा उंदरानं खाल्लेला. त्यांनी कार्ड आणि नक्कल शेजारी ठेवली, मग काल परत आलेल्या फॉर्मवरची माझी सही ठेवली. म्हणाल्या, "बेन, कार्डावरची आणि शेअरवरची सही एकच आहे. ही तिसरी कुणाची?"

मी कार्ड हातात घेतलं. बहात्तर साल, लग्नानंतर नववा दिवस. त्या दिवशी हे मला खातं उघडायला घेऊन आले होते. हिरवा चुडा, नवं आडनाव आणि समोर कारकून. मी चित्रकलेच्या दोन परीक्षा दिलेल्या, अक्षराचा तोरा होता. नव्या नावाची सही मी आदल्या रात्री पाटीवर दहा वेळा काढून बघितली होती. निरुपमा जनार्दन पागनीस, सगळं लांबलचक, 'प'ला भलं मोठं पोट, 'स'ची शेपटी वळवून मागे आणलेली आणि वर एकच सलग रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सही माझीच होती. मी ती साफ विसरले होते. गॅसच्या पावतीवर, दुधाच्या कार्डावर, कांचनच्या प्रगतिपुस्तकावर घाईघाईत करता करता तिची 'नि. पागनीस' झाली होती, चिमणीच्या पायासारखी बारीक. ती कधी झाली तेही मला सांगता येणार नाही.

मी मॅनेजरबाईंना म्हटलं, मग आजची सही नव्या कार्डावर घ्या आणि तिच्यावर शिक्का द्या. त्या म्हणाल्या, "नवी आज घेते. पण कंपनीला ही वर्षानुवर्षं ओळखीची आहे असं आजच कसं लिहून देऊ? ते मला जमणार नाही. ही जुनी करून दाखवा, मी लगेच सही-शिक्का देते." मी तिथेच कागद मागितला आणि करून बघितली. त्यांनी बघितली आणि कागद माझ्याकडे सरकवला. वाईट होती.

घरी आले तेव्हा हे गॅलरीत खुर्चीवर होते. मी समोर जमिनीवर बसले. विचारलं, "अहो, माझी ती सही तुम्ही कुठून शिकलात?"

"कार्ड," हे म्हणाले. "त्या दिवशी. घरी येऊन... आठवून... आठ दिवस... गिरवली."

"बहात्तर साली? तेव्हा कुठे आले होते शेअर नि फॉर्म?"

"नव्हते."

"मग कशाला गिरवली?"

हे म्हणाले, "आवडली."

मला रडू आलं. काल मी जे काही बोलले होते ते सगळं माझ्या अंगावर आलं. या माणसानं सत्तावीस वर्षं माझी सही जशीच्या तशी सांभाळली आणि मी तिचं काय करून बसले होते. मी यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून माफी मागितली. हे म्हणाले, "पेन... बारीक टोकाचं. आण."

त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. शंभर पानी वही आणली. हे पाठीशी उशी घेऊन ताठ बसायचे, श्रावणानंतर पहिल्यांदाच असे बसलेले मी बघितले. मी पानभर सह्या करायच्या, यांनी डाव्या हातात पेन्सिल धरून दहापैकी गुण द्यायचे. पहिल्या दिवशी सगळ्या पानाला दोन. मी म्हटलं, सही माझी आणि मास्तर तुम्ही, हा न्याय कुठला? यांनी दोनचा दीड केला. पाचव्या दिवशी चार गुण मिळाले तेव्हा मी पेन गॅलरीतून खाली फेकलं आणि मग स्वतःच पंधरा पायऱ्या उतरून घेऊन आले.

अक्षरं जमायला लागली होती. रेघ जमेना. शिवणकाम करणाऱ्या बाईला सरळ रेघ जमू नये, म्हणजे बघा. मी 'जनार्दन'वर पोचले की हात आपोआप थांबायचा, मग पुढे नेला की जोड दिसायचा. हे म्हणायचे, "थांबू नको. तू थांबली नव्हतीस." मी म्हणायची, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते हो, तेव्हा कशालाच थांबत नव्हते. मग एकदा यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि रेघेबरोबर ओढत नेला. जोर नव्हता त्यात. पण कुठे हलकं व्हायचं आणि कुठे दाबायचं ते मला त्या हातातून कळलं. दुपारभर आम्ही तेवढंच केलं. माझ्या मशीनवर दोन गिऱ्हाइकांचे कपडे पडून राहिले, त्यांना मी उद्या या म्हणून परत पाठवलं.

अठराव्या दिवशी दहापैकी नऊ मिळाले. मी विचारलं, एक कुठे गेला? म्हणाले, "तो... वयाचा."

बँकेत मॅनेजरबाईंच्या समोर बसून मी अडतीस फॉर्मवर सह्या केल्या. पहिल्या तीन त्यांनी भिंग लावून कार्डाशी ताडून बघितल्या. चौथ्यापासून नुसतेच शिक्के मारत गेल्या. सुभानरावांनी माल पोचता केला आणि पाडव्याच्या पाच दिवस आधी पैसे खात्यात आले. शेठना चार लाख वीस हजार मोजले. स्टँपाचा आणि वकिलाचा खर्च जाऊन हातात सात हजार उरले, पण घोडं गंगेत न्हालं.

हे म्हणत होते, घर तुझ्या एकटीच्या नावावर कर, पैसे तुझे आहेत. ते मी ऐकलं नाही. दोघांच्या नावावर करायचं हा हट्ट माझा. त्यामुळे यांनाही कचेरीत न्यावं लागलं. रिक्षातून उतरवून, काठी एका हाताला आणि मी दुसऱ्या हाताला, असे आम्ही नोंदणीच्या टेबलापर्यंत पोचलो. कारकून तरुण होता, गुजराती, घाईत. यांच्यापुढे कागद सरकवला. यांनी डाव्या हातात पेन घेतलं, पण तीन अक्षरांतच ते वाकडं गेलं. कारकून म्हणाला, असू दे काका, आणि शाईचा पॅड उघडला. मग मला विचारलं, "काकाने लखतां-वांचतां नथी आवडतुं?" काकांना लिहिता-वाचता येत नाही का, म्हणून.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस कंपनीच्या मोठ्या साहेबांना ताळेबंद विचारायचा, हा माणूस एका बैठकीला चार जणांच्या सह्या करायचा, असं तोंडाशी आलं होतं. पण नोंदणीच्या कचेरीत हे सांगायचं तरी कसं? मी गिळून टाकलं. यांनी डावा अंगठा पॅडवर टेकवला आणि कागदावर उठवला. एकदा, दोनदा, प्रत्येक पानावर. चेहरा अगदी शांत होता, एरंड बघून आल्यावर होता तसा.

मग कागद माझ्याकडे आला. मी सही केली. 'प'चं पोट, 'स'ची शेपटी आणि वरची रेघ एका दमात. प्रत्येक पानावर. कारकून घाई विसरून बघत राहिला. म्हणाला, "मासी, सही तो बहु सरस करो छो. कोणे शीखवाडी?"

मी यांच्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, "यांनी."

त्यानं यांच्या निळ्या अंगठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि मी थट्टा करतेय असं समजून हसला.